दाराचा सेन्सर माणसं मोजतो, गिऱ्हाईक नाही

व्हिडिओत मी दाराला सेन्सर कसा बसवायचा ते दाखवलं. पाच मिनिटांचं काम आहे, स्क्रू आवळले की झालं. पण त्यातून जो आकडा येतो त्याचं काय करायचं, हे व्हिडिओत नीट मांडता आलं नाही. आणि माझी सगळ्यात मोठी चूक तिथंच झाली होती, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

राजारामपुरीत माझं कुर्ती-लेगिन्सचं दुकान आहे. मेन रोडवर नाही, आत गल्लीत. दहा बाय चौदाचा गाळा, तोंड पश्चिमेला. दुकानाला दोन वर्षं होत आली होती आणि गाळ्याचं अ‍ॅग्रीमेंट संपायला चार महिने होते. भाडं वाढणार हे मालकांनी आधीच सांगून ठेवलेलं. दुकान चालू ठेवायचं की सामान विकून मोकळं व्हायचं, असा विचार घरात सुरू होता. त्या काळात कुणीही विचारलं, "धंदा कसा चाललाय?" की माझं उत्तर ठरलेलं, "गिऱ्हाईकच नाही ओ." पेपरात पॅम्प्लेट टाकायला सहा हजार घातले, डिस्काउंटचा बोर्ड लावला. तरी गल्ला तेवढाच.

बीबीएला फुटफॉल, कन्व्हर्जन हे शब्द पाठ करून मार्क मिळवले होते. म्हटलं चला, मोजून बघू. ऑनलाइन आठशे रुपयांचा एक सेन्सर मागवला आणि चौकटीवर चिकटवला. दुपारी मी घरी जेवायला जायची, तेव्हा मावशी एकट्याच दुकान सांभाळायच्या. मावशी म्हणजे पहिल्या दिवसापासून माझ्याकडे काम करणाऱ्या बाई, माझ्या आईच्या वयाच्या.

चौथ्या दिवशी पाच वाजता येऊन बघते, तर दोन ते पाचमध्ये सेन्सरवर आकडा ८४ आणि बिलं तीन. माझं डोकंच फिरलं. चौऱ्याऐंशी माणसं येतात आणि तीन बिलं? मी सरळ विचारलं, "मावशी, झोप काढता काय दुपारी?" त्या म्हणाल्या, "माणसंच आली न्हाईत तर बिल कुणाचं करू?" मी मशीनकडे बोट दाखवलं. आणखीही काहीबाही बोलले, ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजले तरी मावशी आल्या नाहीत. फोनही उचलला नाही.

त्या रात्री सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लावलं, आठपट वेगानं. दोन ते पाच. कागदावर रेघा मारत गेले, चार उभ्या आणि पाचवी आडवी. आत आलेली गिऱ्हाईकं किती? अकरा. त्यात तीन बिलं. म्हणजे चारात एकापेक्षा जास्त जणांना मावशींनी माल विकला होता. मग सवयीनं पुढचंही फिरवलं, पाच ते नऊ, जेव्हा मी स्वतः दुकानात असते. त्रेचाळीस माणसं, पाच बिलं. आठ-नऊ जणांत एक.

ते ७३ जादा आकडे आले कुठून, हे आता बघू, कारण सेन्सर घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे.

मी घेतलेला सेन्सर पीआयआर जातीचा होता. दुकानात शिरलं की "टिंगटाँग, वेलकम" म्हणणारी जी डबी असते ना, त्यातलंच तंत्र, फक्त सोबत काउंटर जोडलेला. पांढरं, घुमटासारखं प्लास्टिक असतं त्याला. तो स्वतः काही किरण सोडत नाही. समोरच्या वस्तूंतून येणाऱ्या उष्णतेत बदल झाला, की त्याला कळतं "काहीतरी हललं". माणूस आत आला की बाहेर गेला, एक होता की तीन, यातलं काहीच त्याला कळत नाही. आणि त्याची नजर पाच-सात मीटर लांब जाते. माझ्या दारापासून रस्ता किती लांब? तीन मीटर. फुटपाथवरून जाणारी कॉलेजची पोरं, समोर लावलेली, उन्हात तापलेली आणि आता निघालेली गाडी, पंख्यानं हलणाऱ्या दारातल्या ओढण्या, सगळं त्यानं इमानदारीत मोजलं. दुपारी पश्चिमेचं ऊन पायरीवर यायचं, तेव्हा तर विचारूच नका. मशीननं खोटं काही सांगितलं नव्हतं. हालचाल मोजायचं त्याचं काम त्यानं केलं, गिऱ्हाईक मोजल्याचा अर्थ मी काढला.

दाराला लावायचा तो किरणवाला सेन्सर. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसाच इन्फ्रारेड किरण असतो. चौकटीच्या एका बाजूला डबी, समोरच्या बाजूला दुसरी डबी किंवा नुसता रिफ्लेक्टर, ट्रॉलीच्या मागं लावतात तसला. किरण समोर जाऊन परत येतो. मध्ये कुणी आलं की तुटतो, तुटला की आकडा एकनं वाढतो. तुम्ही म्हणाल उन्हातही इन्फ्रारेड असतं, मग गोंधळ नाही का होत? म्हणून तर हा किरण सलग नसतो, त्याची सतत उघडझाप चालू असते. रिमोटमध्ये ती सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा होते. घेणारी डबी फक्त तशी उघडझाप करणारा प्रकाश ओळखते, उन्हाचा स्थिर प्रकाश सोडून देते. तरीही ऊन थेट डोळ्यात गेलं तर तीही आंधळी होते. आपल्याकडं हिवाळ्यात संध्याकाळचं ऊन नैर्ऋत्येकडून येतं. त्यामुळं दुकानाचं तोंड पश्चिमेला असेल, तर ते चौकटीच्या उत्तरेकडच्या बाजूवर पडतं. म्हणून डबी दक्षिणेकडच्या बाजूला आणि रिफ्लेक्टर उत्तरेला. मी हे चुकून, मग उलटं बसवून शिकले.

उंची किती ठेवायची? गुडघ्याजवळ लावला तर दोन पाय दोनदा मोजले जातात. खांद्याजवळ लावला तर बुटक्या बायका सुटतात. मी साडेतीन फुटांवर लावलाय. अगदी लहान मुलं त्याच्या खालून जातात, आणि ते मला बरंच आहे, कारण आईचं बोट धरून आलेलं पोर काही माझ्याकडून कुर्ती घेणार नाही. सेन्सर चालू आहे का बघायचं असेल, तर मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरा. डोळ्यांना न दिसणारा किरण पुष्कळ फोनच्या स्क्रीनवर जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा.

एकच किरण असेल तर माणूस येताना एकदा आणि जाताना एकदा मोजला जातो, म्हणून आकडा निम्मा करायचा. पण हा हिशोब दार एकच असेल तरच जमतो. अंबाबाईच्या देवळाला चार दरवाजे आहेत. माणूस महाद्वारातून आत जातो आणि घाटी दरवाज्यातून बाहेर पडतो. एका दरवाज्यावर मोजून निम्मे केले तर काय हाताला लागणार? तुमच्या दुकानालाही पुढं-मागं दोन दारं असतील, तर दोन किरणांचा सेन्सर घ्या. थोड्या अंतरावर दोन किरण असतात. आधी बाहेरचा तुटला आणि मग आतला, तर माणूस आला. उलट झालं तर गेला. याहून पुढचे सेन्सर दाराच्या वर छताला लागतात आणि वरून डोकी मोजतात. त्यात दोन बायका खांद्याला खांदा लावून आल्या तरी दोनच मोजल्या जातात, किरणवाल्यात मात्र एक. पण वरचे महाग असतात. छोट्या गाळ्याला आधी ते घेऊ नका.

आता खरी मेहनत. सेन्सर लावला म्हणजे आकडा खरा, असं नाही. दोन तास स्वतः हातानं मोजायचं आणि सेन्सरशी ताळा घ्यायचा, जसा आपण गल्ल्याचा घेतो तसा. यासाठी मी जप मोजायचा बोटातला डिजिटल काउंटर आणला. देवळाजवळच्या दुकानांत मिळतो, शंभरच्या आत. पदर किंवा ओढणीखाली बोटानं दाबत राहिलं तर कुणाला कळतही नाही.

निवांत वेळी सेन्सर म्हणाला ९२, म्हणजे निम्मे ४६. मी हातानं मोजली ३८ गिऱ्हाईकं. आठ कोण? चहावाला, कुरिअरवाला, शेजारचे "सुट्टे आहेत का" म्हणत आलेले, आणि सगळ्यात जास्त आम्ही स्वतः. मावशी पायरीवर पाणी मारायला जातात, मी फोन घेऊन बाहेर जाते, प्रत्येक फेरी मोजली जाते. मग शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत मोजलं. सेन्सर ११८, निम्मे ५९. हातानं भरली ७१. इथं उलटं झालं, जोडीनं शिरलेल्या बायका एकच धरल्या गेल्या. म्हणजे निवांत वेळी सेन्सर जास्त दाखवतो आणि गर्दीत कमी. एकच टक्केवारी धरून सगळा आकडा दुरुस्त करता येत नाही. माझ्या वहीत दोन गुणक आहेत: निवांत वेळेला ०.८३, गर्दीला १.२. तुमचे वेगळे निघतील, माझे उचलू नका. आणि जुलैत जोराची सर आली की पाच मिनिटं दुकान भरतं आणि सर थांबली की रिकामं होतं. तो तास मी हिशोबातून काढून टाकते.

मग महिनाभर मोजलं. सगळं दुरुस्त करून रोजची सरासरी आली ६२ माणसं आणि ११ बिलं. सकाळी अकरा ते दोन १४ माणसं, ४ बिलं. दुपारी १० माणसं, ३ बिलं. संध्याकाळी ३८ माणसं, ४ बिलं.

बघितलंत? "गिऱ्हाईकच नाही" हे माझं रडगाणं साफ खोटं होतं. गिऱ्हाईक येत होतं, बघत होतं आणि हात हलवत परत जात होतं. पॅम्प्लेटला घातलेल्या सहा हजारांनी मी आणखी माणसं संध्याकाळी आणली असती, जी तशीच परत गेली असती. दुकानाचा आजार दाराबाहेर आहे की दाराच्या आत, हे या आकड्यातून कळतं, आणि दोन्हींचं औषध वेगवेगळं आहे. माणसंच येत नसतील तर पाटी, शोकेस, जागा, जाहिरात यांचं बघायचं. येऊन जात असतील तर माल, साइज, भाव, ट्रायल रूम आणि आपलं तोंड बघायचं.

पण टक्केवारी काढायची घाई करू नका, इथं अजून एक खड्डा आहे. आपल्याकडं कपडे घ्यायला माणूस एकटा येत नाही. बस्ता बांधायला दहा माणसं येतात आणि बिल एक होतं. त्या दुकानदारानं डोकी मोजली तर त्याची विक्री दहा टक्के निघेल आणि तो विनाकारण सेल्समनला झापेल. म्हणून मी नंतर डोक्यांऐवजी घोळके मोजले. एकत्र आलेली मंडळी म्हणजे एक. सकाळचे १४ जण म्हणजे ११ घोळके, दुपारचे १० म्हणजे ९, संध्याकाळचे ३८ म्हणजे २१. घोळक्यांवर हिशोब केला तर सकाळी ३६ टक्के, दुपारी ३३ आणि संध्याकाळी १९. संध्याकाळचा दोष थोडा कमी झाला, पण गेला नाही. सेन्सरला घोळका कळत नाही. हे काम डोळ्यांनीच करायचं, आठवड्यातून एक दिवस केलं तरी चालतं.

संध्याकाळी काय बिघडतंय, यासाठी परत रेकॉर्डिंग बघितलं. तिथं मी दिसत होते. काउंटरवर बसलेली, मोबाइलमध्ये मान घातलेली, तुमच्यासाठी व्हिडिओ एडिट करणारी. विषय बहुतेक "ग्राहक सेवा" असावा. समोर तीन घोळके, मावशी एकट्या घड्या उलगडतायत, ट्रायल रूम एकच आणि तिच्याबाहेर दोघीजणी हातात कुर्त्या घेऊन उभ्या. चार-पाच मिनिटं वाट बघतात, कुर्त्या ठेवतात, जातात. रोज.

केलं एवढंच. कोपऱ्यात पडदा आणि आरसा लावून दुसरी ट्रायल रूम केली, खर्च बावीसशे. संध्याकाळी तीन तासांसाठी एक मुलगी ठेवली, महिना साडेचार हजार. आणि सहा ते नऊ मोबाइल ड्रॉवरमध्ये. दीड महिन्यानं संध्याकाळची बिलं चाराची सहा झाली. साडेसहाशेचं सरासरी बिल, दोन बिलं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३३,८०० ची जादा विक्री. माझं मार्जिन तीस टक्के, म्हणजे १०,१४०. पगार वजा जाता ५,६४० हातात. फार मोठी रक्कम नाही. पण वाढलेलं भाडं त्यातून निघत होतं, आणि अ‍ॅग्रीमेंटवर सही केली ती या आकड्याच्या जोरावर.

कुणी म्हणेल, सीझन आला असेल म्हणून बिलं वाढली. बरोबर शंका आहे, मलाही आली. म्हणून सकाळचा आकडा बघितला. सकाळी मी काहीच बदललं नव्हतं आणि तिथं बिलं चारच राहिली. सीझनमुळं वाढली असती तर सकाळीही वाढली असती. काहीतरी बदलून बघताना एखादी वेळ अशी हात न लावता सोडून द्या, तुलनेला उपयोगी पडते.

बिलांचा आकडाही तेवढाच खरा पाहिजे, नाहीतर वरचा आकडा सोन्याचा आणि खालचा पितळेचा. एकीनं निम्मे रोख आणि निम्मे यूपीआयनं दिले तर बिल एकच. कुर्ती बदलून न्यायला आलेली बाई दारातून मोजली जाते, पण तिचं नवं बिल होत नाही, तिची वहीत वेगळी खूण करा. आणि घरातल्या दुसऱ्याच्या क्यूआरवर पैसे घेतलेत तर ते बिल हिशोबातून गायबच.

सेन्सर कुणी घेऊ नये, तेही सांगते. लक्ष्मीपुरीत किराणा किंवा हार्डवेअरच्या कितीतरी दुकानांना दार असं नसतंच. काउंटर पुढं, गिऱ्हाईक पायरीवर, शटर पूर्ण उघडं. तिथं किरण लावणार कुठं? तुम्ही "काय भाव?" विचारणारे मोजा आणि घेणारे मोजा, वहीत रेघांनी. तेवढं पुरतं. ज्यांच्याकडं दिवसाला दहा-बारा माणसं येतात त्यांनीही पैसे घालू नयेत. तेवढी माणसं डोक्यात राहतात. आणि सीसीटीव्ही आधीच असेल, तर पहिला आठवडा माझ्यासारखं रेकॉर्डिंग पळवून मोजा, फुकटात होतं. सेन्सर त्यानंतर, रोजचा कंटाळा वाचवायला.

महाद्वार रोडवर दुकान घ्यायचं स्वप्न पुष्कळांचं असतं, कारण गर्दी. नवरात्रात दर्शनाला आलेल्या भाविकांचे लाखांतले आकडे आपण पेपरात वाचतो. पण त्या गर्दीतल्या किती जणांचं लक्ष दर्शनाच्या रांगेकडं आणि किती जणांचं तुमच्या शोकेसकडं, हे त्या आकड्यात नाही. गाळा बघायला जाल तेव्हा जपाचा काउंटर घेऊन एक तास समोर उभे राहा. दारावरून गेले किती आणि शेजारच्या दुकानात वळले किती, दोन्ही मोजा. साधा दिवस एक, रविवार एक. माझ्या गल्लीत सणावाराचा नसलेला दिवस घेतला, तर शंभरात दोन-तीन वळतात. डिपॉझिट देण्याआधी एवढं कळलं तर बरं असतं.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द. किरणाच्या सेन्सरला तोंड दिसत नाही, फक्त सावली अडते, म्हणून तो निर्धास्त. चेहरे साठवणारा कॅमेरा लावणार असाल तर "सीसीटीव्ही चालू आहे" अशी पाटी लावा आणि रेकॉर्डिंग कुणाच्या हाती जाऊ देऊ नका. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, माणसाचा चेहराही त्याची वैयक्तिक माहिती आहे. ट्रायल रूमच्या दिशेला तर कॅमेऱ्याचं तोंडसुद्धा नको. तिथं भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम आहे आणि तुरुंग आहे.

मावशींचं राहिलं. रेकॉर्डिंग बघितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मंगळवार पेठेत त्यांच्या घरी गेले. दारातच म्हणाल्या, "आलीस व्हय? तुझ्या मशीनला इचार की." मी वही दाखवली, अकरातली तीन त्यांची आणि त्रेचाळीसातली पाच माझी. त्यांनी वही घेतली नाही, आत जाऊन चहा ठेवला. तिसऱ्या दिवशी कामावर आल्या, पण एक अट घालून. मशीनचा आकडा आधी त्यांना सांगायचा, मग दोघींनी मिळून वहीत लिहायचा. ती अट अजून पाळतोय. रात्री शटर ओढायच्या आधी त्या स्वतःचा जपाचा काउंटर बाहेर काढतात, मी सेन्सरचा आकडा वाचते. परवा त्यांचे ५८ होते, माझे ६३. पाचांचा हिशोब लागेना. मग त्यांनीच सांगितलं, "तू चारदा फोन घेऊन भायेर गेलीस, आन् एकदा चहावाला आलता."